जातीचे नाव कायद्यात : आयेशा वहाब यांची वाटचाल

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्यांचा एक अभ्यासवर्ग झाला. विषय होता ‘परदेशातील जात’. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात २०२३ साली जातिभेदाविरुद्ध आलेल्या विधेयकाची हकिकत मी सांगितली. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरचा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, एक विचारू का? ते विधेयक मांडणाऱ्या बाई अफगाणी. आईबाप निर्वासित. त्यांच्या घरात कुणी महार नाही, मांग नाही, चांभार नाही. मग त्यांना आपल्या जातीचं काय पडलं होतं?”

प्रश्न साधा होता, पण तो मला टोचला. विधेयकाच्या विरोधकांनीही वेगळ्या भाषेत हाच प्रश्न विचारला होता : या बाईंचा याच्याशी संबंध काय? त्या दिवशी मी काहीतरी अर्धवट उत्तर देऊन वेळ मारून नेली. राहिलेले उत्तर इथे देतो आहे.

आयेशा वहाब यांचा जन्म न्यू यॉर्कचा. आईवडील अफगाणिस्तानातून आलेले निर्वासित. वडिलांचा खून झाला. आईही लवकर वारली. आयेशा आणि तिची बहीण या दोघी पोरक्या मुली सरकारी देखरेखीखाली परक्या घरांत वाढू लागल्या. तिकडे अनाथ मुलांना सरकार तात्पुरती घरे शोधून देते. मूल आज इथे, उद्या तिथे. पुढे कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट गावच्या एका अफगाणी जोडप्याने दोघी बहिणींना दत्तक घेतले. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर जी माणसे देशोधडीला लागली त्यांतली पुष्कळ फ्रीमॉन्टला येऊन राहिली. गावाच्या एका भागाला लोक ‘लिटल काबूल’ म्हणतात. त्याच फ्रीमॉन्टमध्ये पुढे भारतीयांचीही दाट वस्ती झाली, कारण संगणकाच्या कंपन्यांचा सारा पट्टा तिथून जवळ.

या मुलीने सॅन होजेच्या विद्यापीठात राज्यशास्त्राची पदवी घेतली, नोकरी केली, सामाजिक संस्थांतून कामे केली. २०१८ मध्ये ती शेजारच्या हेवर्ड शहराच्या नगर परिषदेवर निवडून आली. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायर राज्यात साफिया वजीर ही आणखी एक अफगाणी स्त्री निवडून आली. अमेरिकेत लोकांनी निवडून दिलेल्या पदावर बसलेल्या या दोघी पहिल्या अफगाणी-अमेरिकन स्त्रिया. हेवर्डमध्ये वहाब यांचे मुख्य विषय होते वाढती घरभाडी, भाडेकरूंचे हक्क आणि बेघरांचा प्रश्न. ज्याचे स्वतःचे छप्पर लहानपणी दोन-तीन वेळा उडाले त्याला छपराचा प्रश्न कळायला पुस्तक लागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या कॅलिफोर्नियाच्या सिनेटवर गेल्या. फ्रीमॉन्टच्या तत्कालीन महापौर लिली मेई यांचा त्यांनी पराभव केला. राज्याच्या सिनेटमधल्या त्या पहिल्या मुस्लिम आणि पहिल्या अफगाणी-अमेरिकन. फ्रीमॉन्ट आणि हेवर्ड त्यांच्या मतदारसंघात येतात, म्हणजे भारतीय मतदारांची संख्या मोठी. विधेयक मांडले तेव्हा त्या सभागृहात येऊन काही महिनेच झाले होते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्याखेरीज पुढचे कळणार नाही.

आता जात तिथे पोचली कशी, हे थोडे पाहू. ‘ज्ञानकोश’कार केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकले. हिंदू माणूस जगात इतरत्र जाऊन राहू लागला तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला, त्यात केतकरांच्या या विधानाचा आवर्जून आधार घेतला. बाबासाहेब त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते.

पुढे सात वर्षांनी, १९२३ मध्ये, जात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभी राहिली. आणि ती दलिताच्या तक्रारीतून आली नव्हती. भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, गदर चळवळीशी त्याचा संबंध होता. त्या काळी कायद्याने ‘गोऱ्या’ परदेशी माणसालाच नागरिकत्व मिळण्याची सोय होती (आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी वेगळी तरतूद). थिंडच्या बाजूने युक्तिवाद झाला की तो उच्च जातीचा, आर्य रक्ताचा आहे, आणि खालच्यांशी तो सोयरीक करीत नाही, म्हणून त्याला गोरा धरावे. न्यायालयाने ते मानले नाही. साम्राज्याविरुद्ध उभा राहणारा माणूस स्वतःला माणूस म्हणून सिद्ध करायला वर्णाचा दाखला पुढे करतो, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. मला हसू येत नाही. त्याच कॅलिफोर्नियात त्याच काळात मंगू राम मुगोवालिया हा पंजाबातल्या अस्पृश्य कुटुंबातला तरुण फळबागांतून मजुरी करीत होता. १९०९ मध्ये गेला, तोही गदर चळवळीत होता, १९२५ मध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘आद धर्म’ चळवळ उभी केली. एकाच चळवळीतली ही दोन माणसे : एकाच्या वतीने जात न्यायालयात भांडवल म्हणून मांडली गेली, दुसरा तिच्याशी लढायला घरी आला.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे शिकलेल्या भारतीयांना उघडली, १९९० नंतर संगणकवाल्यांची रीघ लागली. शिक्षण कुणाच्या हाती होते हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यामुळे गेलेल्यांत सवर्णांचा भरणा. राखीव जागांतून शिकलेली आपली थोडी मुलेही गेली. ती तिथे आडनाव सांगताना घुटमळतात. गप्पांत कुणी पाठीवर प्रेमाने थाप मारतो, ती जानवे चाचपण्यासाठी असते, असे अनेकांनी सांगितले आहे. तुम्ही मांस खाता का, गाव कोणते, वडील काय करीत, हे प्रश्न आपल्या तालुक्यात जे काम करतात तेच तिथे करतात.

२०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या नागरी हक्क पाहणाऱ्या खात्याने ‘सिस्को’ या बड्या कंपनीवर खटला भरला. सरकारच्या फिर्यादीतला मजकूर असा : एक दलित अभियंता, त्याच्या गटात बहुतेक सवर्ण भारतीय, वरिष्ठ मुंबईच्या आय. आय. टी. त शिकलेला, त्याने सहकाऱ्यांना सांगून टाकले की हा माणूस राखीव जागेतून आलेला आहे. तक्रार केल्यावर अभियंत्याला कामात डावलले गेले. हे सारे आरोप आहेत आणि ते नाकारले गेले आहेत. दोन्ही वरिष्ठांवरील दावा सरकारने एप्रिल २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतला, कंपनीवरचा तेवढा चालू ठेवला. हे लपवून आपली बाजू बळकट होत नाही. पण फिर्यादीतली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अभियंत्याने कंपनीच्या कर्मचारी विभागाकडे तक्रार नेली तेव्हा त्याला सांगण्यात आले की जातीवरून भेदभाव करणे बेकायदेशीर नाही. कायद्याच्या यादीत वंश होता, रंग, धर्म, पूर्वज-परंपरा, मूळ देश, सारे होते. ‘जात’ हा शब्द नव्हता. म्हणून कारकुनाला तो दिसला नाही.

वहाब यांचे काम इथून सुरू होते. त्यांच्या आधी फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराच्या परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदबंदीचा ठराव केला होता. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, जन्माने ब्राह्मण. पण ते एक शहर. वहाब यांनी मार्च २०२३ मध्ये साऱ्या राज्यासाठी विधेयक आणले, क्रमांक ४०३. ते मंजूर झाले असते तर जातीचे नाव घेऊन भेदभाव बंद करणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले असते. नोकरी, घर, शाळा, दुकान-हॉटेल, या सर्व ठिकाणी ते लागू व्हायचे होते. यामागे अनेक वर्षे राबणारी मंडळी होती : थेनमोळी सौंदरराजन यांची ‘इक्वॅलिटी लॅब्ज’, रविदासिया समाज, काही शीख संघटना, आंबेडकरी गट. त्यांच्याकडे अनुभव होता, पण सभागृहात मत नव्हते. वहाब यांनी ते दिले. एवढेच त्यांचे श्रेय, आणि ते थोडे नाही.

तिकडचे विधिमंडळ दोन सभागृहांचे आहे : सिनेट ४० जणांचे, असेंब्ली ८० जणांची. आधी समित्यांपुढे जाहीर सुनावणी होते, कुणीही नागरिक जाऊन दोन शब्द बोलू शकतो. या सुनावणीला दोन्ही बाजूंच्या लोकांची रांग लागली. आयुष्यभर आडनाव लपवलेली माणसे तिथे ध्वनिक्षेपकासमोर आली आणि म्हणाली, मी दलित आहे. कायद्याचे काहीही होवो, एवढे घडले. ११ मे रोजी सिनेटने ३४ विरुद्ध १ असे ते संमत केले.

मग दबाव सुरू झाला. ‘हिंदू अमेरिकन फाउंडेशन’सारख्या संघटनांनी जोरदार विरोध केला. त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. पहिले, यामुळे प्रत्येक भारतीय माणूस संशयित ठरेल. गोरा मालक भारतीयाला नोकरीवर ठेवतानाच बिचकेल. दुसरे, जातीची पाहणी करणारे आकडे कच्चे आहेत. तिसरे, सध्याच्या कायद्यात हे सारे आलेलेच आहे. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. ‘इक्वॅलिटी लॅब्ज’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीनपैकी दोन दलितांनी कामाच्या ठिकाणी अन्यायाची वागणूक मिळाल्याचे सांगितले, पण ती पाहणी स्वतःहून पुढे आलेल्यांची होती, साऱ्या समाजाचा नमुना नव्हती. आकडा घोषणेसारखा वापरणारे आपले कार्यकर्ते हे विसरतात आणि विरोधकाच्या हाती काठी देतात. पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही. वंशभेदबंदीने प्रत्येक गोरा संशयित झाला नाही. विधेयकाच्या अखेरच्या मसुद्यात कोणत्याही धर्माचे किंवा देशाचे नाव नव्हते. जन्माने चिकटलेला दर्जा, तो बदलता न येणे, लग्नसंबंधांवर बंधने, वेगळे ठेवणे, बहिष्कार, अशा खुणांनी तिथे जात सांगितली होती. ही व्याख्या वाचून कुणाला आपल्या धर्माचे नाव आठवत असेल तर विचारायचा प्रश्न वेगळाच आहे.

वहाब मुस्लिम आहेत, म्हणून हा हिंदूंवरचा हल्ला, असाही प्रचार झाला. त्यांच्या कार्यालयाला धमक्या आल्या. मतदारसंघात त्यांना परत बोलावण्याची मोहीम निघाली. कॅलिफोर्नियात पुरेशा सह्या जमल्या तर मुदतीआधीच प्रतिनिधीला घरी बसवता येते. ती मोहीम मतदानापर्यंत पोचली नाही. पण सभागृहात नवी आलेली बाई, पाठीशी घराणे नाही, पैसा नाही, आणि ज्यांच्या मतांवर पुढच्या वेळी यायचे त्यांच्यातलाच एक वजनदार गट उलटलेला. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला एक साधे उत्तर इथे मिळते : बाईंना यात मिळण्यासारखे फार नव्हते, गमावण्यासारखे होते.

दबावाचा परिणाम मसुद्यावर झाला. ‘जात’ हा स्वतंत्र वर्ग म्हणून यादीत यायचा होता. असेंब्लीच्या समितीत तो ‘पूर्वज-परंपरा’ या जुन्या वर्गाच्या व्याख्येत घातला गेला. काही मित्रांना ही माघार वाटते. मला नाही वाटत. शब्द कायद्यात राहिला, जागा तेवढी बदलली. २८ ऑगस्टला असेंब्लीने ५० विरुद्ध ३ असे, आणि ५ सप्टेंबरला सिनेटने दुरुस्तीसह ३१ विरुद्ध ५ असे ते संमत केले. आता फक्त गव्हर्नरची सही हवी होती. (हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्याहून अधिकाराने मोठा.) सहीसाठी कार्यकर्त्यांनी राजधानी सॅक्रॅमेंटोत उपोषण मांडले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी विधेयक परत पाठवले. कारण दिले ते विरोधकांच्या तिसऱ्या मुद्द्याचेच : जातीवरचा भेदभाव सध्याच्या वर्गांखाली आधीच बंद आहे, म्हणून विधेयक अनावश्यक. नकाराधिकार उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. सिनेटमध्ये ती होती, असेंब्लीत ५४ हवीत, होती ५०. शिवाय १९८० नंतर त्या राज्यात कुणी गव्हर्नरचा नकार उलटवलेलाच नाही.

‘आधीच आहे’ हा युक्तिवाद आपण थोडा उकलून पाहू, कारण तो आपल्याकडेही रोज भेटतो. याच न्यूसम यांनी जुलै २०१९ मध्ये एका कायद्यावर सही केली होती. काळ्या माणसांचे कुरळे केस, वेण्या, जटा यांवरून नोकरीत व शाळेत भेदभाव करू नये, म्हणून ‘वंश’ या शब्दाच्या व्याख्येत केसांचा उल्लेख घालणारा तो कायदा. वंशभेद तर आधीच बंद होता. मग केसांचे नाव कशाला? कारण मालक म्हणत होते, आम्ही वंशावरून नाही, केसांवरून हाकलतो. वहाब यांच्या विधेयकाची पद्धत हुबेहूब हीच होती : जुना वर्ग, नवे स्पष्टीकरण. चार वर्षांपूर्वी जे आवश्यक होते ते आता अनावश्यक ठरले. मधल्या काळात तर्क बदलला नव्हता; मतदारांतले वजन वेगळे होते, असे माझे मत आहे.

आपल्या संविधानाकडे पाहा. कायद्यापुढे सर्व समान, हे चौदाव्या कलमात आलेच होते. तरी पंधराव्यात ‘जात’ हा शब्द घातला. विहिरी, तलाव, दुकाने, उपाहारगृहे यांची नावे घेतली. तरी सतरावे कलम वेगळे लिहिले. मग १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा, १९७६ मध्ये त्याचे नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर, आणि तेही पुरेना म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्यात एकेक कृत्य नाव घेऊन गुन्हा ठरवले. चाळीस वर्षे आपण ‘आधीच आहे’ला उत्तर देत आलो.

नाव कायद्यात आले म्हणजे सारे झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या घरात पदवीचा कागद माझ्या रूपाने पहिल्यांदा आला. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. प्राध्यापक-कक्षात चहाची वर्गणी सर्वांची सारखी, पण माझा कप खिडकीत निराळा. मी लेखी अर्ज दिला. तो वाचून वरिष्ठ मवाळ आवाजात म्हणाले, “सर, यातलं ‘जातीवरून’ एवढं काढा. ‘असहकार्याची वागणूक’ असं लिहा, म्हणजे आपल्याला काहीतरी करता येईल.” नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची होती. मी शब्द काढला. उत्तर आले की सर्वांनी सहकार्याने राहावे. कप खिडकीतच राहिला. पण पुढे विचार केला तेव्हा उमगले : तो शब्द कायद्यात होता, म्हणूनच माझ्या अर्जातून काढण्याची त्यांना घाई होती. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याच्या वेळी ती तसदीही घ्यावी लागली नाही.

नकाराच्या त्या पत्रात एक गोष्ट आपल्या उपयोगाचीही आहे. जातिभेद आजच्या कायद्यानेच बंद आहे, असे राज्याच्या प्रमुखाने लेखी म्हटले आहे. उद्या एखादा कर्मचारी विभाग ‘हे बेकायदेशीर नाही’ म्हणाला तर तो कागद समोर ठेवता येईल. नकाराच्या आधीच, २८ सप्टेंबर २०२३ रोजी, त्याच राज्यातील फ्रेझ्नो शहराने स्वतःच्या कायद्यात जातीचे नाव घातलेही होते.

वहाब पुढेही सिनेटमध्ये राहिल्या. २०२५ मध्ये त्या गृहनिर्माण समितीच्या अध्यक्ष होत्या. घरांच्या प्रश्नावरील त्यांच्या भूमिकांवर त्यांच्या स्वतःच्या पक्षातही टीका होते. त्यांची तसबीर लावून हार घालण्याची गरज नाही. ती सवय आपल्याला फार लवकर लागते.

पुढच्या अभ्यासवर्गात मी त्या विधेयकातली व्याख्या मुलांना मराठीत करायला दिली. ज्याने प्रश्न विचारला होता तोच फळ्याशी उभा होता. ‘पूर्वज-परंपरा’ हा माझा शब्द त्याला जड वाटला. कुणी ‘वंशावळ’ सुचवले, कुणी ‘घराणे’. एक मुलगी ‘कूळ’ म्हणाली, तेव्हा दुसरी हसली, “आमच्याकडे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा.” बराच वेळ घोळ चालला. शेवटी त्या मुलाने तिथली जागा कोरी ठेवली, आणि पुढच्या ओळीत ‘जात’ एवढा शब्द लिहिला. त्यावर कुणाचे दुमत नव्हते.